गाळलेली टिंबं

नकाशावरची निळी रेघ नीरेच्या कालव्यावरून सरळ पलीकडे गेली होती, आणि ती पाहून सुकन्या उगाच थबकली. उगाच म्हणजे तसं काही घडलं नव्हतं. वैशाखातली दुपार होती. विजापूर रोडवरच्या त्या दुमजली इमारतीत कूलर गारव्यापेक्षा ओल्या वाळ्याचा वासच जास्त देत होता, खालच्या दुकानात कुणीतरी शेंगा भाजत होतं, आणि तिचा प्रोग्रॅम सकाळपासून तोंडातून चकार शब्द न काढता फायलींमागून फायली वाचत होता. प्रत्येक फाईल म्हणजे मेंढ्यांच्या एका कळपाचा हंगाम. म्होरक्या मेंढीच्या गळ्यात एक यंत्र, ते थोड्या थोड्या वेळानं आपण कुठं आहोत ते कळवतं, आणि त्या सगळ्या जागा एक्सएमएलच्या फायलीत साठत जातात. प्रोग्रॅमनं त्या वाचायच्या, चुका गाळायच्या आणि राहिलेली टिंबं जोडून नकाशावर रेघ काढायची. एवढंच काम. रेघ निघाली होती आणि प्रोग्रॅमच्या मते सगळं ठीक होतं. पण मेंढ्या कालवा असा सरळ ओलांडत नाहीत. पाणी दिसलं की त्या काठावर थबकतात, एकमेकींच्या अंगात तोंडं खुपसून उभ्या राहतात, आणि पूल येईपर्यंत काठाकाठानं चालतात. हे सुकन्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. काही गोष्टी माणसाच्या अंगात आधीपासूनच असतात आणि त्या कळायला दुपार व्हावी लागते.

फाईल कुणाची हे तिला ठाऊक होतं. फायलीत नाव नसतं, नुसता यंत्राचा नंबर असतो. पण तिच्या चुलतभावानं, बाळूनं, यंत्र बसवलं त्या दिवशी मेंढीचा फोटो पाठवला होता आणि त्यात नंबर स्पष्ट वाचता येत होता. बाळूला वाटलं, आक्काला कौतुक वाटेल. आक्कानं फोटोला उत्तर दिलं नाही, पण नंबर मात्र तिच्या डोक्यात जाऊन बसला. म्हणजे हा कळप तिच्या बापाचा, धुळाप्पाचा. सांगोल्याच्या माळावरून दिवाळीनंतर निघायचा, माळशिरस, फलटण करत पार पुण्याच्या अंगाला जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. सगळ्या फायली आपल्याला सारख्याच, असं ती स्वतःला बजावायची. तरी ही फाईल तिनं शेवटी ठेवली होती, ताटातला आवडीचा घास ठेवावा तशी, किंवा नावडीचा ठेवावा तशी. यातलं नेमकं कोणतं, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

एक्सएमएल तशी भाबडी गोष्ट आहे. पेटीत पेटी, त्या पेटीत आणखी पेटी. कळपाच्या पेटीत दिवस, दिवसाच्या पेटीत टिंबं, आणि एकेका टिंबात अक्षांश, रेखांश, वेळ. जी पेटी उघडली ती बंद झालीच पाहिजे, नाहीतर वाचणारा प्रोग्रॅम रुसून बसतो. असली फाईल वाचायच्या दोन रीती. एक म्हणजे अख्खी फाईल उचलून मेमरीत मांडायची. मग कुठूनही कुठं जाता येतं, मागं फिरता येतं, दोन दिवस शेजारी ठेवून बघता येतात. दुसरी म्हणजे समोर येईल ते बघायचं, हवं तेवढं टिपायचं आणि सोडून द्यायचं; जे पुढं गेलं ते पुन्हा हाताला लागत नाही. सुकन्यानं दुसरी निवडली. फायली मोठ्या आहेत आणि आपली मशीनं जुनी आहेत, असं तिनं ऑफिसच्या मालकाला, अवधूत सरांना सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण गेलं ते गेलं, ही रीतच तिला बरी वाटायची. लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं होतं, लहानपण कुठं गेलं? ती म्हणाली होती, आश्रमशाळेत. आणि पुढं काही नाही. पेटी उघडली, पेटी बंद.

आश्रमशाळा माळशिरसच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. आईनं, राजाबाईनं, तिथं सोडताना तिच्या केसांना इतकं तेल लावलं होतं की ते कानामागून ओघळत होतं. वडील फाटकाशी घोंगडं खांद्यावर टाकून उभे होते, आणि शिपायाशी पावसाबद्दल बोलत होते. पोरगी शिकली पाहिजे, मेंढरामागं शिकता येत नाही, हे त्यांचंच म्हणणं. त्यानंतर ती कितीतरी वर्षं तिथं राहिली, आणि वडील कधी आले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत चुलता येऊन गावी न्यायचा, तेवढी काय ती भेट. ती शाळेत परतायची आणि कळप वाटेला लागायचा. उन्हाळ्यात ती गावी यायची तेव्हा गावात आई नसायची, वडील नसायचे, चुलीच्या जागी नुसती राख असायची. आणि ते दोघं परत यायच्या सुमाराला शाळा उघडायची. आई एकदोनदा एसटीनं येऊन गेली. आबा का येत नाहीत, असं विचारलं की म्हणायची, ‘आपली वाट हिकडनं जात न्हाय, बाय.’ रात्री पोरी ओळीनं पडायच्या आणि सुकन्या छताकडे बघत मनाशी विचारायची, आता कुठं असतील? भूगोलाच्या पुस्तकातला जिल्ह्याचा नकाशा तिला पाठ होता, तो याच प्रश्नामुळे. कुठंही बोट ठेवलं तरी ते तिथं असू शकत होते, आणि कुठंही नसू शकत होते. मग झोप यायची, आणि झोपेत मेंढ्यांच्या खुरांचा आवाज यायचा, अंगावरून हलकं काहीतरी सांडावं तसा. आता, इतक्या वर्षांनी, त्या प्रश्नाचं उत्तर मिनिटामिनिटाला तिच्या मशीनवर येऊन पडत होतं, आणि ती त्याला अक्षांश, रेखांश म्हणत होती. तिला हसू आलं. फार चांगलं हसू नव्हतं ते.

‘झालं का, मॅडम?’ अवधूत सर दारात उभे होते. हातात ताकाचा ग्लास, कपाळावर घाम. भला माणूस; पोटाला चिमटा घेऊन पगार वेळेवर देणारा. ‘पुण्याच्या संस्थेतून दोनदा फोन आला. संध्याकाळपर्यंत नकाशे पाठवायचेत. मेंढ्यांचे तळ कुठं कुठं असतात ते ठरलं, की तेवढ्या जागा चराईसाठी मोकळ्या ठेवायला सांगणार आहेत ते सरकारला.’

‘एका ठिकाणी रेघ चुकतेय सर.’

‘चुकतेय की तुमच्या नियमानं बरोबर केलीय?’ ते हसले. ‘पुण्याचे लोक अजून नाव काढतात त्या नियमाचं. म्हणतात, हे सुचायला धनगराचीच मुलगी पाहिजे.’

नियम तिचाच होता. संस्थेच्या माणसांना पडलेला प्रश्न असा, की यंत्र कधी कधी भरकटतं आणि भलतीच जागा सांगतं. ते ओळखायचं कसं? बैठकीत सुकन्याच पहिल्यांदा म्हणाली होती, जिथं चारा नाही, पाणी नाही, सावली नाही, तिथं कुठलाही धनगर भर दुपारी कळप उभा करणार नाही. कळप वाट सोडून तशा जागी थांबला असं दिसलं, तर ती यंत्राची चूक; वाट सोडल्यापासून वाटेवर परत येईपर्यंतचा सगळा तुकडा गाळून टाका. केवढ्या ठामपणे बोलली होती ती. तिच्या आवाजात त्या दिवशी बापाचा आवाज होता, आणि ते तिला आवडलंही होतं. सर ताक पीत निघून गेले. तिनं पहिल्यांदाच आपली रीत मोडली. प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि ती अख्खी फाईल मेमरीत मांडली, गाळलेल्या टिंबांसकट.

मशीन क्षणभर घुटमळलं आणि रेघ पुन्हा उमटली. या वेळी ती कालव्यावरून उडाली नाही. वाटेवरून फुटली, काठाकाठानं खाली उतरली, पुलावरून पलीकडे गेली, उसाच्या फडांना वळसा घालून एका जागी पोचली आणि तिथं टिंबांचा दाट पुंजका झाला. दिवाळीनंतर जातानाचा, भर दुपारचा. मग तिथून पलीकडच्या अंगानंच पुढं जाऊन पुन्हा वाटेला मिळाली. सुकन्यानं नकाशाखाली उपग्रहाचं चित्र सरकवलं. मुरमाड, उघडी जमीन. ना चारा, ना पाणी, ना एखादी बाभळ. शेजारी एक लांबट भिंत, आणि भिंतीच्या आत इंग्रजी एल अक्षरासारखं पत्र्याचं छप्पर. ते छप्पर तिनं वरून कधीच पाहिलेलं नव्हतं, तरी ते आश्रमशाळेचं, हे तिनं ओळखलं. आपलं घर वरून बघणाऱ्याला जसं वाटेल तसं तिला वाटलं: हे केवढंसं आहे, आणि मी आत आहे.

पहिल्यांदा तिला रागच आला. यंत्राचा, मग स्वतःचा. चूक असणार ही. कालव्यापाशी बाजाराला वळले असतील, कुणी आजारी असेल, मेंढी व्याली असेल. माणसाला नको असलेली गोष्ट समोर आली की त्याला कारणांचा तोटा पडत नाही. तिनं मागच्या हंगामाची फाईल काढली आणि परतीचा, उन्हाळ्यातला तुकडा बघितला. तिथंही वाट फुटली होती, तिथंही पुंजका होता. उन्हाळ्यात तर शाळेला कुलूप असतं. त्याच्या आदल्या हंगामाची काढली. तेच. प्रोग्रॅमनं दर वेळी तो तुकडा इमानेइतबारे उचलून फेकला होता, आणि खाली अदबीनं लिहिलं होतं की एक चूक दुरुस्त केली. कूलरचं पाणी संपलं होतं, नुसता पंखा घरघरत होता. सुकन्यानं उठून तो बंद केला. आईच्या दहाव्याला, नदीच्या काठी, चार माणसांसमोर ती वडलांना काय म्हणाली होती ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. पिंडाला कावळा शिवला तेव्हा कुणीतरी म्हणालं, धुळाप्पानं पोरीला शिकवलं, चीज झालं. आणि सुकन्या म्हणाली, ‘शिकवलं व्हय? टाकून गेले आबा मला. साऱ्या मुलखाची वाट सापडली त्यांना, माझ्याकडं यायची तेवढी कधी न्हाय सापडली.’ वडील ओल्या अंगावरचा पंचा पिळत राहिले होते, पाणी संपलं तरी. त्यानंतर तिनं फोन केला नाही, आणि त्यांना फोन करता येत नाही. आता तीन हंगाम झाले. आणि यंदाचा हा त्यांचा शेवटचा; गुडघे गेलेत, पुढच्या दिवाळीला कळप बाळू नेणार, हेही त्या न उत्तर दिलेल्या फोटोखाली बाळूनं यंदा लिहिलेलं तिनं वाचलं होतं.

तिनं बाळूला फोन लावला. पलीकडे वारा होता, कुत्रं भुंकत होतं, आणि त्या आवाजाबरोबर तिची जीभ आपोआप वळली. ‘बाळू, कुटं हायसा रं?’

‘आक्का? आगं, तूच का?’ बाळूचा विश्वास बसेना. ‘नातेपुतं सोडलं की. का गं, बरं हाय न्हवं सगळं?’

‘बरं हाय. मला एक सांग. त्या कालव्याच्या पल्याड, शाळंच्या मागं, तितं का थांबता तुमी?’

बाळूनं आधी कुत्र्याला हाकललं. ‘ते व्हय. ते आमालाबी कळत न्हाय. गवात न्हाय का पाणी न्हाय, मेंढरं नुसती उनात तापत्यात. पैल्यांदा मी लई भांडलो म्हाताऱ्याशी. म्हणलं, वाकडी वाट करून हितं काय देव हाय का तुमचा? तर म्हणला, तू गप. आता काय, मेंढरं आपसूकच वळत्यात पुलाकडं. सवय झालीया त्यास्नी. काकी हुती तवा ती बिऱ्हाडाची घोडी घिऊन वाटंवरच थांबायची, ह्यो एकटाच कळप घिऊन जायाचा.’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘उद्या दुपारी तितंच आसू आमी. म्हाताऱ्याची ही शेवटची खेप. तू यितीस का?’

सुकन्यानं फोन ठेवला आणि नियम काढून टाकला. दोन ओळींचं काम. अवधूत सर म्हणाले, अहो पण मग खऱ्या चुकाही राहतील की नकाशात. ती म्हणाली, राहू देत सर, चुका पुण्याचे लोक बघून घेतील. मग तिनं दुसऱ्या दिवसाची रजा मागितली. संध्याकाळी घरी जाताना सिद्धेश्वराच्या तळ्यावरून वारा आला. काठावर माणसं भेळ खात होती, पोरं पाण्यात खडे टाकत होती, आणि सुकन्याला सगळं आवाज बंद केल्यासारखं, लांबून दिसत होतं. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, आबांना भेटून येते. तो चकित झाला, आणि शहाणा असल्यामुळे त्यानं नुसती एसटीची वेळ विचारली.

सकाळची एसटी पंढरपूर मागं टाकून माळशिरसकडे लागली तशी ती खिडकीबाहेर बघत पेंगू लागली. डाळिंबाच्या बागा, टँकर, पुन्हा बागा. डोळे मिटले की निळी रेघ दिसे, आणि रेघेवरून कुणीतरी चालत असे, कधी वडील, कधी ती स्वतः, तेल ओघळणाऱ्या केसांची. भीती एकाच गोष्टीची होती: ते तिथं असतील आणि आपल्याला बोलता येणार नाही. किंवा बोलता येईल आणि पुन्हा तसलंच काहीतरी तोंडातून निघेल. वाटेवर उतरून ती पायी निघाली. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. ती भिंतीच्या कडेकडेनं मागं गेली. लहानपणी इकडे यायला मनाई होती, त्यामुळे ही बाजू तिनं कधी पाहिलेलीच नव्हती. आणि तिथं उन्हात कळप उभा होता, माना खाली घातलेला, धापा टाकणारा. त्याच्यापलीकडे एक म्हातारा काठीवर भार देऊन भिंतीकडे तोंड करून उभा होता. घोंगडं तेच असावं, माणूस मात्र केवढासा झाला होता.

त्यांनी वळून पाहिलं. दचकले नाहीत. धनगर उघड्या माळावर कशालाच दचकत नाहीत, पण त्यांची काठी जरा सरकली. ‘तू कशी हितं?’

‘मेंढीनं सांगितलं,’ सुकन्या म्हणाली. ते खरंही होतं आणि सांगायला तेवढंच सोपं होतं. म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू मेंढ्या सांगतातच.

ती कळपातून वाट काढत त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. उन्हानं डोळ्यांपुढं हलकी लाट येत होती. मग तिनं विचारलं, इतक्या वर्षांचा प्रश्न, अगदी हळू. ‘हितवर येत हुता, आबा. मग आत का न्हाय आलासा?’

‘आत आलो आसतो तर तुला घिऊनच गेलो आसतो.’ ते भिंतीकडेच बघत होते. ‘तुजी आई म्हणायची, जावा, बघून या. म्हणलं, नगं. ती रडंल, मग म्या काय तिला हितं ठिवणार न्हाय. जेवनाच्या सुट्टीत पोरींचा कालवा ऐकू यायचा. त्यात तुजा आवाज हुडकायचो. घावायचा कदी कदी.’

सुकन्या त्यांच्याकडे वळली. ‘मी दहाव्याला बोलले ते...’

‘खरंच बोललीस की.’ म्हातारा शांतपणे म्हणाला. ‘भितीमागं हुबं ऱ्हाणं म्हंजी काय येणं न्हवं. न्हाय आलो ते न्हायच आलो.’ त्यात रुसवा नव्हता, आणि म्हणूनच तिला ते सहन होईना. तिनं त्यांच्या दंडाला धरलं. दंड काठीइतकाच कडक आणि बारीक होता. एक कोकरू येऊन तिच्या साडीच्या निऱ्यांना तोंड लावू लागलं, त्यांनी ते सवयीनं काठीनं बाजूला केलं.

मग त्यांनी तीच काठी उचलली आणि भिंतीवरून दिसणाऱ्या पत्र्याखालच्या एका खिडकीकडे रोखली. गज असलेली, अर्धी फळी मारलेली खिडकी. ‘ती तुमा पोरींची खोली न्हवं? म्या सगळी मेंढरं हिकडच्या अंगाला आणायचो. कळप मोठा दिसावा म्हनून पांगवून हुबी करायचो. म्हणलं, आत नगं जायाला, पर खिडकीतनं तिला दिसू तरी दे.’ आणि जरा थांबून, पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत, त्यांनी विचारलं, ‘दिसायचो का गं आमी?’

सुकन्यानं त्या खिडकीकडे पाहिलं. ती धान्याच्या कोठीची खिडकी होती. कोठीला बाहेरून कुलूप असे, आत ज्वारीची पोती छतापर्यंत रचलेली असत. पोरींची खोली दुसऱ्या अंगाला होती, आणि तिथून नुसतं फाटक दिसायचं.

‘दिसायचा की, आबा,’ ती म्हणाली. ‘लई मोठा दिसायचा कळप. मी साऱ्या पोरींना बोलवून दाखवायचे.’